एका गायरानाचं भाषांतर

बत्तीस वर्षं मी पुण्यात रशियन भाषा शिकवली. त्या भाषेनं मला एकदा मॉस्कोला नेलं आणि निवृत्तीनंतर जिंतूर तालुक्यात. मॉस्कोबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी जिंतूर तालुक्याबद्दल लिहिते. गावाचं नाव मात्र सांगत नाही. का, ते पुढे कळेल, आणि कळल्यावर तुम्हीही कोणाला विचारत बसू नका.

झालं असं की पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत माझा जुना विद्यार्थी आहे. त्याचा नोव्हेंबरात फोन आला. कझाकस्तानातल्या एक संशोधक, आयगुल त्यांचं नाव, 'लून' नावाच्या शिकारी पक्ष्यांच्या पाठीवर करंगळीच्या पेराएवढी यंत्रं बसवून सोडतात. यंत्र सांगतं पक्षी कुठे आहे ते. त्यातला एक लून सलग दोन हिवाळे हजारो किलोमीटर उडून जिंतूर तालुक्यातल्या एकाच गावाच्या गायरानात येऊन झोपत होता. तो झोपतो ती जागा आयगुलला बघायची होती, आणि ती जागा तशीच राहील का हे गावाला विचारायचं होतं. तिला इंग्रजी बेताचं येतं, रशियन उत्तम. तर मी आधी तिचं ग्रामपंचायतीला लिहिलेलं पत्र मराठीत आणायचं आणि मग जानेवारीत आठ दिवस तिच्यासोबत जायचं.

लून हा शब्द मला एका म्हणीपुरता ठाऊक होता. पिकल्या केसांच्या माणसाला रशियनमध्ये 'लूनसारखा पांढरा' म्हणतात. रशियनमध्ये चंद्राला 'लुना' म्हणतात, म्हणून मी बत्तीस वर्षं विद्यार्थ्यांना 'चंद्रासारखे पांढरे केस' असा अर्थ सांगितला. तो पक्षी आहे हे मला त्या फोनवर कळलं. मराठीत त्याला भोवत्या म्हणतात, हे त्याहून नंतर. आता त्या सगळ्या बॅचेसना गाठून माफी मागणं शक्य नाही.

पत्र छोटंसंच होतं. त्यात एक वाक्य होतं: स्तेपसाठी माझं काळीज दुखतं, ती जपायला हवी. स्तेप म्हणजे त्यांच्याकडचा मैलोन्‌मैल गवताचा मुलूख. माझ्या जुन्या कोशात अर्थ होता, 'वृक्षहीन ओसाड मैदान'. काळीज दुखतं हे मला फार आवडलं. मी लिहिलं, 'आपला ओसाड माळ आठवून माझं काळीज दुखतं. त्याची जोपासना व्हावी, ही कळकळीची विनंती.' कळकळ माझी. वाचून माझेच डोळे पाणावले, आणि मी ते पाठवून दिलं.

परभणी

आम्ही सकाळी परभणी स्टेशनवर उतरलो तेव्हा फलाटावरचा प्रत्येक माणूस कानटोपी किंवा मफलर बांधून होता. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली आहे. आयगुल अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उतरली. पन्नाशीची, ठेंगणी, उन्हानं रापलेली बाई. पाठीवर एवढी मोठी पिशवी की मागून फक्त पिशवीच चालताना दिसावी.

रिक्षावाल्यानं तिच्या दंडांकडे बघून मला विचारलं, "बाईला थंडी वाजत न्हाई का?"

मी विचारलं. ती म्हणाली, "कसली थंडी?" तिच्या घरी त्या दिवशी उणे पंचवीस होतं. मी ते रिक्षावाल्याला सांगितलं. त्यानं आपली कानटोपी खाली ओढली आणि म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." ह्याचं भाषांतर मी केलं नाही.

अंघोळीपुरती एका लॉजवर खोली घेतली. रजिस्टर पुढे ओढून मॅनेजरनं विचारलं, "येन्याचं कारण?"

"पक्ष्यांचं काम आहे," मी म्हटलं.

त्यानं पेन थांबवलं. "कोनत्या पक्षाचं?"

"पक्षाचं नाही हो. पक्ष्यांचं."

"तेच इचारायलोय. दोन-तीन पक्ष हायेत का?"

मी दोन्ही हात पसरून हलवले.

"विमान?" तो म्हणाला. ते चिन्ह कोणाचं, हे तो मनात आठवत असावा.

"पक्षी. पाखरं."

"मंग पाखरं म्हना की." त्यानं 'पाखरं बघायला' असं लिहिलं आणि आयगुलकडे बघून विचारलं, "त्यांच्याकडं न्हाईत का पाखरं?"

आयगुलनं सरळ उत्तर दिलं: हीच पाखरं उन्हाळ्यात आमच्याकडे असतात आणि हिवाळ्यात तुमच्याकडे. एका बाजूनं सांभाळून भागत नाही, म्हणून आले.

मॅनेजरनं ते नीट ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे सामाईक सातबाऱ्यातलं पाखरू हाय." देशोदेशींच्या करारांमध्ये जे लिहिलेलं असतं ते ह्याहून वेगळं नसावं, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजूनही वाटतं.

गाव

जिंतूरहून एसटीनं पाऊण तास. फाट्यावर वाघमारे सर आले होते. ते गावातल्या शाळेत शिक्षक, तालुक्यातले बहुधा एकमेव पक्षीनिरीक्षक, आणि ह्या गायरानातल्या भोवत्यांवर पाच हिवाळे एकट्यानं वह्या भरणारे. मला वाटलं ते आनंदानं उड्या मारत असतील. ते नुसते हसले आणि पिशव्या उचलायला लागले. थोडे खचलेले दिसले.

आमची राहायची सोय सरपंचांच्या घरी होती. सुनंदाबाई, वय चाळीस-बेचाळीस, कमरेला मोबाईल खोचलेला, एका वेळी चूल, म्हैस आणि ग्रामपंचायत तिन्ही चालवणाऱ्या. ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. आयगुलला फेटा, शाल आणि नारळ. तिनं विचारलं, ह्या फळाचं काय करायचं? मी म्हटलं, हा मान आहे. मग ती जेवण होईपर्यंत मान मांडीवर घेऊन बसली.

तिच्या नावानं घोटाळा केला. तिथे 'आय' म्हणजे आई. किसनमामा म्हणून सत्तरीचे मेंढपाळ होते, त्यांनी मला हळूच विचारलं, "हिच्या आयचं नाव गुल हाय का?"

"नाही, हिचंच नाव आयगुल."

"म्हंजे समद्यांनी हिला आय म्हनायचं?"

"नावच आहे मामा."

"असूं द्या. म्हनू की." आणि त्या दिवसापासून सत्तर वर्षांचे किसनमामा पन्नाशीच्या बाईला आय म्हणायला लागले.

आयगुलनं सांगितलं, आमच्याकडे मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं शिजवलेलं डोकं ठेवतात. पाहुणा त्याचा कान कापून घरातल्या लेकरांना देतो, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मी सांगितल्यावर ओसरीवरची लेकरं आपापले कान धरून बसली. मग सुनंदाबाई म्हणाल्या, "चांगली पद्धत हाय. ग्रामसभेत सुरू करायला पायजे."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आयगुलला ठेचा कोशिंबीर वाटला. तिनं चमचाभरून खाल्ला. मी ओरडेपर्यंत तो गिळूनही झाला होता. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण पाहुणी म्हणून ती हूं की चूं न करता ताठ बसून राहिली.

सुनंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बगा. अजून काळीज दुखायलंय बाईचं."

"कशासाठी?" मी विचारलं.

"माळासाठी. पत्र मीच वाचून दाखवलं ना ग्रामसभेत. बायका रडल्या, मॅडम. एवढ्या लांबची बाई आपला वसाड माळ आठवून झुरायली आन आपन इथं ऱ्हाऊन काय केलं? मंग आमी ठरवलंच. काय ठरवलं ते उद्या दावते."

वाघमारे सर भाकरीकडे बघत होते. मी आमटीची वाटी खाली ठेवली.

गायरान

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गायरानात गेलो. मी असा माळ आधी पाहिला नव्हता, म्हणजे गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल, पण त्याला काही नाव असतं असं वाटलं नव्हतं. कमरेइतकं वाळकं सोनेरी गवत, वारा आला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लवायचं. आयगुल बांधावर उभी राहिली आणि तिनं खोल श्वास घेतला. मग तिला पिवळं यंत्र दिसलं.

जेसीबी गवतात मधोमध उभा होता. एकीकडचा अर्धा माळ खड्ड्यांनी भरला होता, ओळीनं, दोरी लावून. बाभळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं मांडली होती: गुलमोहर, करंज, कडुनिंब. दोन बांबूंना फलक बांधला होता, 'भव्य वृक्षारोपण समारंभ. ओसाड माळ हिरवा करू या!' पावसाळ्याला पाच महिने होते, पण पाहुणी जानेवारीत येणार म्हणून झाडंही जानेवारीत. पाण्याचा टँकर सांगून ठेवला होता. परवा तालुक्याचे साहेब येणार होते आणि पहिलं झाड आयगुलच्या हस्ते लागणार होतं.

भोवत्या झाडावर झोपत नाही. तो जमिनीवर, उंच गवतात झोपतो, आणि जिथे झाडी होते तिथे तो पुन्हा येत नाही. हे मला वाघमारे सरांनी बाजूला घेऊन सांगितलं.

"मग तुम्ही हे सरपंचबाईंना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्या म्हनल्या, सर, तुमचं खरं का खुद्द पाहुणीचं? आन पत्र दाखवलं." त्यांनी एक कलंडलेलं रोप सरळ केलं. "भाषांतर तुमचंच होतं ना मॅडम? मराठी लय चांगलं होतं."

एवढ्यात आयगुलनं विचारलं, "ते काय खणतायत?"

बत्तीस वर्षांत मी चुका पुष्कळ केल्या असतील, पण जाणूनबुजून खोटं भाषांतर कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, "पाण्याची काहीतरी सोय करतायत."

 संध्याकाळी वाघमारे सर, आयगुल आणि मी बांधावर बसलो. ऊन उतरल्यावर भोवत्ये यायला लागले. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात. लांब पंखांचे, हलके, नर राखाडी पांढरे, माद्या तपकिरी. गवताच्या शेंड्यांवरून ते इतक्या खालून जात की पंख लागतील असं वाटे. लूनसारखा पांढरा म्हणजे काय ते मला चौसष्टाव्या वर्षी समजलं.

आयगुलच्या हातातलं, पाखराच्या पाठीवरचा संदेश पकडणारं यंत्र टिकटिक करायला लागलं. तिचा लून आला होता. तो खड्ड्यांच्या वर आला, फिरला, परत फिरला. जेसीबी बंद होता, पण त्याचा हात तसाच हवेत ठेवलेला होता. लून उतरू बघायचा आणि ऐन वेळी वर उचलला जायचा. बाकीचे उत्तरेच्या कोपऱ्यात उरलेल्या गवतात एकेक करून बसले. हा एकटा अंधुक होईपर्यंत फिरत राहिला आणि मग टेकडीपलीकडे गेला. टिकटिक बारीक होत बंद पडली.

आयगुलनं यंत्र मांडीवर ठेवलं. "वासंती," ती म्हणाली, "ती पाण्याची सोय नाहीये."

मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं मला माझं मराठी वाक्य पुन्हा रशियनमध्ये करून सांगायला लावलं. मी केलं. तिनं ते दोनदा ऐकलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे मी लिहिलेलं नाही."

हुरडा आणि कबुली

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून सुनंदाबाईंना खरं सांगायचं असं मी ठरवलं. पण त्या भल्या पहाटेच साहेबांच्या सत्काराचं सामान आणायला जिंतूरला गेल्या होत्या. आयगुलही घरात नव्हती. किसनमामा मेंढरं घेऊन निघाले तशी ती त्यांच्यामागे गेली होती.

मी शोधत गेले तर दोघं गायरानाच्या कडेला शेकोटीशी बसलेली. मामांनी कोणाच्या तरी शेतातून ज्वारीची कणसं आणून निखाऱ्यात भाजली होती आणि गरम हुरडा तळहातावर चोळून ते आयगुलला देत होते. आणि दोघं बोलत होती. हातवारे नाहीत, तोंडानं. मी बांधाआड थांबले, कारण दुभाष्यावाचून चाललेलं संभाषण मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामा गवताकडे हात करून म्हणाले, "मैदान."

"मैदान!" आयगुल म्हणाली. तिच्या भाषेतही तोच शब्द होता.

मामांनी वर हात केला. "आसमान."

"आस्पान."

"हवा."

"आउआ."

"दुनिया," मामांनी सगळीकडे हात फिरवला.

"दुन्ये," आयगुलनंही फिरवला. तिनं वही काढली. "कागाझ?"

"कागद," मामांनी मान डोलावली. जुन्या निजामी मुलखात मोठे झालेले मामा आणि स्तेपवर मोठी झालेली आयगुल यांना फारसीनं केव्हाच एकमेकांजवळ आणून ठेवलं होतं, आणि मी त्यांना रशियातून फिरवून आणत होते. मी तशीच माघारी फिरले. खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता.

दुपारी सुनंदाबाई आल्या. त्या चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसल्यावर मी समोर पाटावर बसले. 

"सुनंदाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते पत्र..."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली.

"काय माहीत आहे?"

"झाडं नकोत म्हनून. किसनमामांनी सांगितलं आत्ताच. फाट्यावर भेटले ना मला येताना."

मामा ओसरीवरच होते. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी इचारलं की तिला. म्हनलं, आय, झाड. फायदा? तर ती म्हनली, पायदा जोक." मामांनी आमच्याकडे पाहिलं. "झाडाचा फायदा म्हंजे जोक हाय, असं म्हनायली."

आयगुल दारातून आत आली होती. मी तिला विचारलं. तिच्या भाषेत 'पायदा' म्हणजे फायदा आणि 'जोक' म्हणजे नाही. मी हे मामांना समजावून सांगितलं.

"मंग येकच झालं," मामा म्हणाले.

मग मी विचारलं ते मला आधीच विचारायला हवं होतं. "मामा, झाडं लागली की गायरानात चराई बंद होणार. तुमच्या मेंढरांचं काय करणार होतात?"

"इकावी लागली असती."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"पाहुणीचं काळीज दुखायलंय म्हनल्यावर मेंढरांचं काय घिऊन बसायचं, बाई?"

सुनंदाबाईंनी भाकरी उलटली. "माझी म्हैस बी तिथंच चरती. गावातल्या समद्या बायका तिथलंच गवत आनतेत. कोनालाच झाडं नको होती माळावर. पर म्हनलं, बाई एवढ्या लांबून लिव्हती, आपन दिलदारी दाखवावी."

म्हणजे आख्ख्या गावानं, कोणालाही नको असलेली गोष्ट, जिला ती मुळीच नको होती अशा पाहुणीसाठी, मन मोठं करून केली होती. आणि मधे मी होते. मी आयगुलला हे सगळं सांगितलं, ह्या वेळी एकही शब्द न सजवता. ती उठली, मामांसमोर गेली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. मामा अवघडले. "असूं दे आय, असूं दे," म्हणाले.

"ते समदं खरं," सुनंदाबाई म्हणाल्या, "पर उद्या अकरा वाजता साहेब यायलेत. आन वर कळवलेलं हाय. त्याचं काय करायचं ते बोला."

समारंभ

बोलणं कोणी फारसं केलं नाही. संध्याकाळी सुनंदाबाईंनी गावात सांगावा धाडला आणि बाभळीखालची रोपं दोन तासांत वाटून टाकली. कोणी परसात लावलं, कोणी विहिरीशी, कडुनिंबाची वीस शाळेला. सकाळी माळावर रोप नव्हतं. फलक होता, मंडप होता, खुर्च्या होत्या आणि खड्डे होते.

साहेब अगदी अकराला आले. तरुण, पांढरे स्वच्छ बूट, सोबत एक कारकून आणि हातात छापील भाषण. हार झाले, नारळ झाले. साहेबांनी झाडांचं महत्त्व मनापासून सांगितलं. मग ते फावड्याजवळ गेले आणि इकडेतिकडे पाहायला लागले.

"रोपं कुठायत?"

"साहेब," सुनंदाबाई म्हणाल्या, "ह्या बाईंच्या देशात पद्धत हाय. आधी खड्डा बुजवतेत."

साहेब माझ्याकडे वळले. "खरंय का हे, मॅडम?"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलणं अगदी सोपं होतं, एकदा करून झालेलंही होतं. मी आयगुलकडे वळून रशियनमध्ये विचारलं, "तुमच्याकडे खड्डे बुजवण्याचा समारंभ असतो का?"

आयगुलनं विचार केला आणि सावकाश बोलली. मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगितलं.

"समारंभ नसतो. माझ्या आजोबांच्या काळात वरून हुकूम आला की गवताचा मुलूख नांगरा, तो ओसाड आहे. लोकांनी मोठ्या उत्साहानं नांगरला. बँड वाजले, झेंडे लागले. पुढे वारा सुटला आणि माती उडून गेली. काही ठिकाणी तर दिवसा दिवे लावावे लागत. माझ्या आईनं ते गवत परत येण्याची तीस वर्षं वाट पाहिली. सगळं आलं नाही. त्या वेळी पहिला नांगर चालला त्याच दिवशी कोणी येऊन त्याची चर बुजवली असती, तर माझ्या आईनं त्याच्यासाठी मेंढी कापली असती."

मी थांबले. साहेबांनी गवताकडे पाहिलं, खड्ड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पण मी अहवालात काय लिहू?" ते हळू आवाजात म्हणाले. हा प्रश्न खरोखरचा होता. त्यांचा चेहरा परीक्षेत वेगळीच प्रश्नपत्रिका हातात पडलेल्या मुलासारखा झाला होता.

कारकून एक पाऊल पुढे आला. "साहेब, झाडांचं म्हनाल तर झाडं लागलीत, गावात. मी येताना बगितली. आन फोटोचं म्हनाल तर..." त्यानं फावड्याकडे पाहिलं. "फोटोत मानूस खड्डा खनायलाय का बुजवायलाय, कुठं कळतंय?"

साहेबांनी छापील भाषण घडी करून खिशात घातलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फावडं उचललं. टाळ्या वाजल्या. पहिली माती आयगुलनं, दुसरी साहेबांनी, तिसरी सुनंदाबाईंनी. कारकुनानं फोटो काढले. ते खरंच उत्तम आले आहेत, मी पाहिलेत. खड्डा खणतोय का बुजवतोय, काही म्हणता काही कळत नाही. गावाचं नाव मी सांगितलं नाही ते ह्याचसाठी.

मग गाव खड्ड्यांवर तुटून पडलं. जेसीबीवाला एका बाजूनं सुरू झाला. तो मला म्हणाला, "पंधरा वर्षं मशीन चालवायलोय. आपनच खनलेलं आपनच बुजवायला आजच कोनीतरी सांगितलं." त्याला वाईट वाटलं नव्हतं, नुसतं नवल वाटलं होतं.

साहेब जेवून जातो म्हणाले, मग चहा घेऊन जातो म्हणाले, आणि पाच वाजता ते आमच्यासोबत बांधावर बसलेले होते. पांढरे बूट मातीचे झाले होते आणि पायघोळ पँटीत गुडघ्यापर्यंत कुसळं घुसली होती. त्या गवताची कुसळं सुईसारखी असतात, कपड्यात शिरली की आत आतच जातात. साहेब एकेक उपटत होते.

भोवत्ये आले. टिकटिक सुरू झाली. आयगुलचा लून टेकडीकडून आला, ताज्या मातीवर फिरला. एकदा, दोनदा.  किसनमामांनी मेंढरं लांब थांबवली होती. सहाव्या की सातव्या फेरीला तो त्याच्या नेहमीच्या जागेवर नाही, पण तिच्या पंधरावीस पावलं पलीकडे, शाबूत गवतात अलगद उतरला आणि दिसेनासा झाला.

"एवढंच?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"एवढंच," वाघमारे सर म्हणाले.

साहेब अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

परत

उरलेले दिवस मला काम नव्हतं. आयगुल मामांबरोबर मेंढरांमागे जाई, वाघमारे सरांबरोबर वह्या ताडून बघे, आणि अडलं तर तिघं मिळून एखादा जुना शब्द शोधून काढत. मी हुरडा खाल्ला, सुनंदाबाईंकडून येसर कसा भाजायचा ते शिकले आणि पुण्याला परतले. येसर मला अजून जमलेला नाही.

जेसीबीनं उकरलेल्या पट्ट्यात पाऊस पडल्यावर काय उगवेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. गवत येईल किंवा नुसतं तण माजेल. ते पुढच्या हिवाळ्यात कळेल, तेही भोवत्ये परत आले तर.

एप्रिलच्या शेवटी आयगुलनं मला एक फोटो पाठवला. तिच्याकडचं बर्फ नुकतं वितळलं होतं. फोटोभर पिवळं गवत आणि वर राखाडी आभाळ. खाली लिहिलं होतं, 'पोचला. ह्या फोटोत आहे.' मी फोटो मोठा करून पाहिला, उलटा धरून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. मला काही सापडलं नाही. मी तो सुनंदाबाईंना पाठवला.

पाच मिनिटांत तोच फोटो परत आला. गवतात एका ठिकाणी लाल गोल काढलेला होता. खाली सुनंदाबाईंचा आवाज: "मामांनी दाखवलं, मॅडम. हितं बसलाय बगा, मान आत घिऊन."

मी गोल काढलेला फोटो आयगुलला पाठवून विचारलं, बरोबर आहे का? तिचं उत्तर आलं, अगदी बरोबर.

मी चष्मा पुसून पुन्हा त्या गोलात पाहिलं. मला अजूनही गवतच दिसतं.